शकुनताईंच्या अडचणी

शकुनताई आठल्ये यांनी आयुष्यात कधी कुणाला तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. हे मी कौतुकाने सांगत नाही. अशा माणसांचा घरादाराला फार ताप होतो. नाही म्हणणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं; शकुनताई नुसती अडचण काढायच्या. महाराष्ट्र मंडळाच्या सहलीला जायचं नसलं की त्यांच्या पायाला सूज यायची, कुणाकडे जेवायला जायचं नसलं की नेमका उपास निघायचा. जी माणसं त्यांना ओळखून होती ती समजून घ्यायची आणि गप्प बसायची. त्यांचा धाकटा भाऊ मनोहर गद्रे मात्र सरळमार्गी. अडचण दिसली की ती दूर करायला धावायचं, एवढंच त्याला माहीत. म्हणून चोपन्न सालच्या दिवाळीनंतर, त्याला त्रिनिदादची नोकरी मिळाली आणि सगळं घर तिकडे हलवायचं ठरलं, तेव्हा या बहीणभावाचं जे काही सुरू झालं ते पाहून हसावं की रडावं हेच कळेना.

मनोहर बजबजच्या तेलाच्या डेपोत रसायनतज्ज्ञ होता. माझेरहाटहून सकाळची लोकल पकडायची, संध्याकाळी दिवेलागणीला हावड्यापलीकडच्या भवानीपूरच्या घरी परत यायचं, हा त्याचा क्रम. त्रिनिदाद हे वेस्ट इंडीजमधलं बेट. तिथे जमिनीतून तेल निघतं, आणि आपल्याच खिदिरपूरच्या धक्क्यावरून एके काळी मजुरीला गेलेल्या लोकांची नातवंडं-पतवंडं तिथे राहतात, एवढी माहिती त्याने चहा पिता पिता दिली. त्याची बायको शैला हरखून गेली. तिकडे तांदूळ मिळतो, नारळ मिळतो, हनुमानाची देवळंसुद्धा आहेत म्हणे, असं ती दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. मुलगी लीना सात वर्षांची. तिने एकच विचारलं, "बाबा, भुलू येणार ना?"

"आणि बाघा?" शकुनताई म्हणाल्या.

घरात दोन कुत्रे होते. भुलू तरणा, लीनाने गल्लीतून उचलून आणलेला, चप्पल दिसली की पळवणारा. बाघा म्हातारा. त्याचे मागचे पाय सकाळी उठताना थरथरत आणि डोळ्यांवर निळसर पडदा आला होता. त्याला शकुनताईंच्या यजमानांनी, श्यामसुंदररावांनी, पिल्लू असताना खिशात घालून घरी आणलं होतं.

"तेही येतील. दोघंही येतील," मनोहर म्हणाला. "अक्का, तू काळजी करू नकोस. तुला आणि तुझ्या बाघाला सोडून मी जातोय होय?"

शकुनताई चहाच्या कपबश्या उचलायला लागल्या. त्यांना नेमकं हेच ऐकायचं नव्हतं.

त्यांना जायचं नव्हतं. कारण एकच होतं, आणि ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असून कुणी उच्चारत नव्हतं. शेहेचाळीस सालच्या ऑगस्टात मनोहर नागपूरहून पदवी घेऊन परत येत होता. त्याने तार केली, सामान फार आहे, स्टेशनवर या. श्यामसुंदरराव सकाळचा चहा घेऊन, मागे मागे येणाऱ्या बाघाला दारातून आत ढकलून, हावड्याला निघाले. दुपारपर्यंत दंगलीने शहर पेटलं. मनोहर आपल्या ट्रंकेवर हावडा स्टेशनात अडकून बसला, आणि लष्कराच्या ट्रकमधून कसाबसा घरी पोचला तेव्हा दार उघडल्या उघडल्या दोघांनी एकमेकांना एकच विचारलं. भाऊजी कुठे आहेत? हे कुठे आहेत?

इस्पितळं पालथी घातली, पोलीस ठाणी झाली, छावण्या झाल्या. श्यामसुंदरराव कुठेच नव्हते. जिवंत नाहीत, मेलेल्यांतही नाहीत.

शास्त्र असं सांगतं की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. मग पळसाचे देठ आणि दर्भ घेऊन त्याचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि बायकोने कुंकू पुसायचं. तोवर ती सवाष्णच. शकुनताई कुंकू लावत, मंगळसूत्र घालत, वटपौर्णिमेला उपास करत. मंडळाच्या हळदीकुंकवाला मात्र त्या जाईनाशा झाल्या, कारण करंडा घेऊन पुढे येणारी बाई त्यांच्यापाशी आली की घोटाळायची. हिला लावायचं की पुढे जायचं? कुणी मुद्दाम करत नव्हतं. पण मुद्दाम न केलेल्या गोष्टीच जास्त लागतात.

त्या काही वेड्या नव्हत्या. बेहाल्याच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत, ट्रामने जात-येत, बाजारात माशी बसलेलं फळ घेणार नाहीत इतक्या व्यवहारी. इतक्या वर्षांनी कुणी दार वाजवत नाही हे त्यांना समजत होतं. पण समजणं निराळं आणि बिऱ्हाड मोडून, घराची किल्ली मालकाच्या हातात देऊन, सातासमुद्रापार निघून जाणं निराळं. ते म्हणजे यजमान आता परत येणार नाहीत असा निकाल स्वतःच देऊन टाकणं झालं असतं. तो निकाल त्यांनी आजवर तोंडातून बाहेर पडू दिला नव्हता, आणि भावाच्या नोकरीपायी तो द्यायचाही नव्हता. पण हे मनोहरला सांगणार कसं? आपली बहीण अजून वाट पाहते म्हटल्यावर त्याने नोकरी सोडली असती. म्हणून त्यांनी कुत्र्यांना पुढे केलं.

पहिली अडचण, कुत्र्यांना जहाजावर कोण घेईल? मनोहर आठवडाभर खिदिरपूरच्या गोदीत खेटे घालत होता. शेवटी विलायतेला जाणारं एक मालवाहू जहाज त्याने गाठलं, आणि कप्तान स्वतःच कुत्र्यांचा वेडा निघाला. दुसरी अडचण मनोहरनेच पडल्या चेहऱ्याने घरी आणली. हिंदुस्थानातून निघालेला कुत्रा थेट बेटावर उतरवता येत नाही. आधी इंग्लंड, तिथे सहा महिने सरकारी देखरेखीखाली कोंडून ठेवणार, आणि तिथून निरोगी म्हणून सुटला तर पुढे. पिसाळण्याच्या रोगाची त्या लोकांना भारी धास्ती.

"सहा महिने! म्हाताऱ्या बाघाला?" शकुनताई म्हणाल्या, "नको रे बाबा." आणि त्या दिवशी त्यांनी कारण नसताना शेवयांची खीर केली.

खीर खाऊन मनोहर कामाला लागला. डेपोतल्या एका निवृत्त साहेबाची बायको इंग्लंडात राहत होती, तिला त्याने पत्र घातलं. बाईने उलट टपाली कळवलं की मी आठवड्यातून दोनदा जाऊन कुत्र्यांना बघेन, फक्त त्यांना कोणती भाषा समजते ते कळवा. लीना हसून हसून लोळली. मराठी की बांगला यावर घरात वाद झाला, आणि भुलूला बांगला, बाघाला मराठी, असा निवाडा झाला. शकुनताईही हसल्या. मग आत जाऊन त्यांनी डोळ्यांना पदर लावला. बाघाला मराठी कळायचं ते कुणामुळे हे त्यांना आठवलं.

मनोहर दोन्ही कुत्र्यांना टॅक्सीत घालून बेलगाछियाच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. शकुनताईंना वाटलं, डॉक्टर तरी म्हणतील, या म्हाताऱ्याला हलवू नका. डॉक्टरांनी बाघाचे दात पाहिले, छाती ऐकली, इंजेक्शन दिलं आणि वय झालंय पण प्रवास झेपेल म्हणून सांगितलं. परत येताना मनोहर इतका खुशीत होता की त्याने वाटेत रसगुल्ल्यांचं मडकं घेतलं. "बघ अक्का," तो म्हणाला, "तुझी एकेक अडचण कशी मोडून काढतो की नाही!"

शकुनताईंना त्याची कीव आली आणि स्वतःची लाज वाटली. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, म्हाताऱ्या कुत्र्याचं कसलं एवढं कौतुक? पण मनोहर तसं म्हणणार नाही हे त्या जाणून होत्या. त्यांच्यासाठी तो काहीही करायचा. डेपोने बजबजला बंगला देऊ केला होता, तो त्याने घेतला नाही. संध्याकाळी मित्रांबरोबर पत्ते नाहीत, सिनेमा नाही. गाडी उशिरा झाली तर माझेरहाटपासून धावत-पळत यायचा आणि दारातूनच हाक मारायचा, "अक्का, आलो गं!" शैला नवी नवरी होती तेव्हा तिला हे विचित्र वाटायचं, की हा माणूस घरी आल्याची वर्दी बायकोला न देता बहिणीला का देतो. मग हळूहळू तिलाही कळलं, आणि तिने त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही.

माघात बेहाल्याच्या सुताराकडून दोन पेट्या आल्या. चांगल्या सागवानी, बाजूला गज, वर उचलायची कडी. जहाजावर कुत्र्यांनी पेटीत राहायला हवं, म्हणून आधीपासून सवय लावायची असं ठरलं. मनोहर सकाळी निघताना दोन्ही पेट्यांत दूधभात ठेवायचा. भुलू पहिल्या दिवशीच आत शिरला, जेवला, तिथेच झोपला, आणि पुढे ती पेटी त्याची स्वतःची झाली. लीना पेटीपाशी बसून त्याच्याशी गप्पा मारायची. "आत्या, जहाजात भुलूला बमि झाली तर?"

"उलटी म्हण," शैला आतून ओरडली. "त्रिनिदादला तुझं बांगला कोण समजणार आहे?"

"मराठी तरी कोण समजणार आहे?" लीना म्हणाली.

बाघा मात्र पेटीत जाईना. तो पेटीपाशी येई, वास घेई, आणि मागे फिरे. एक आठवडा गेला, दोन गेले. मनोहर काळजीत पडला. त्याने पेटीत जुनी सतरंजी घातली, शकुनताईंचं लुगडं घातलं, काही उपयोग झाला नाही. "एवढा हुशार कुत्रा," तो म्हणायचा, "याला भूक कशी लागत नाही?"

भूक लागायचा प्रश्नच नव्हता. मनोहरची पाठ फिरली की शकुनताई बाघाला स्वयंपाकघरात बोलवत आणि चुलीपाशी बसवून स्वतःच्या हाताने भरवत. पेटीतला दूधभात भुलूच्या पोटात जाई. म्हाताऱ्या कुत्र्याने मग कशाला पेटीत शिरावं?

एका सकाळी शैला मागच्या दाराने आत आली आणि तिने हे पाहिलं. शकुनताईंचा घास हातातच राहिला. शैला भाजीची पिशवी ठेवून बाहेर गेली. पण ती विचार करणारी बाई होती. कुत्र्याला पेटीत जाऊ द्यायचं नाही म्हणजे वन्संना स्वतःलाच जायचं नाही, आणि ते का, हे तिला लख्ख दिसलं. इथवर तिचं बरोबर होतं. पुढे मात्र ती चुकली, आणि ती चूक फक्त आपल्याच घरांतली कर्ती, मायाळू बाई करू शकते. तिला वाटलं, यांचा पाय त्या बारा वर्षांत अडकलाय. तो आपण सोडवला पाहिजे.

रविवारची दुपार होती. मनोहर बाहेरच्या खोलीत ट्रंकांवर नावं रंगवत होता. शकुनताई तांदूळ निवडत होत्या. शैला त्यांच्याजवळ येऊन बसली.

"वन्सं, एक बोलू का? रागावू नका."

"बोल की."

"बारावं वर्ष येईल तेव्हा आपण तिकडे असणार. तिकडे आपले गुरुजी कुठले? मी मंडळातल्या गुरुजींना विचारून आले. ते म्हणाले, कायमचंच परदेशी जायचं असलं तर आधी करायला हरकत नाही. तेव्हा निघायच्या आधी घाटावर जाऊन... म्हणजे मला म्हणायचंय की, ते एक उरकून घेऊ. तुमचाही जीव मोकळा होईल."

बिचारीने खरंच मनापासून म्हटलं होतं. तिच्या डोक्यात त्या दिवसांत नुसती कामं होती. लोणच्याच्या बरण्या बांधायच्या, लीनाचे लोकरी कपडे शिवायचे, कुत्र्यांचे दाखले आणायचे, आणि हे. शकुनताईंचे हात ताटात थांबले. त्यांच्या डोळ्यांसमोर घाट आला, देठांचा आणि गवताचा तो माणूस आला, आणि जहाजाची वेळ गाठायची म्हणून घाईघाईने मंत्र म्हणणारे गुरुजी आले.

"नाही," त्या म्हणाल्या.

शैलाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "अं?"

"नाही, शैला. ते होणार नाही. आणि मी येतही नाही."

बाहेर ब्रश खाली पडल्याचा आवाज झाला. मनोहर दारात येऊन उभा राहिला, बोटं काळ्या रंगाने माखलेली. "अक्का, हिचं चुकलं. विधीबिधी काही नको. तू मनात धरू नकोस. आणि बाघाचं म्हणशील तर अजून महिना आहे, तो शिकेल..."

"बाघाला मीच शिकू दिलं नाही," शकुनताई म्हणाल्या. "रोज इथे बसवून भरवते त्याला. तू एवढी धावपळ केलीस आणि मी तुला फसवत राहिले. मला यायचं नाही, मन्या. सांगायला जीभ उचलत नव्हती."

मनोहर मटकन उंबऱ्यावर बसला. मग तो जे बोलला ते इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "तुला इथे एकटीला टाकून मी जाऊ? मी? माझ्या तारेमुळे भाऊजी घराबाहेर पडले, अक्का. एक ट्रंक मला उचलता आली नसती? हमाल मिळाला नसता?" एवढा मोठा बाप्या माणूस, हुंदके देऊन रडायला लागला.

शैला उठून जायला निघाली. शकुनताईंनी तिला हाताने खाली बसवलं.

"तुझं सामान जड होतं, तू घरच्या माणसाला बोलावलंस," त्या म्हणाल्या. "त्यात तू काय केलंस? आपल्या माणसाला आणायला स्टेशनवर कोण जात नाही? तू तार केली नसतीस तरी हे गेलेच असते. त्यांचा स्वभाव तुला माहीत नाही का?" आणि मग म्हणाल्या, "पण तू रोज दिवेलागणीला धावत घरी येतोस ना, ते मला कळतं. बाहेर गेलेला माणूस परत येतो हे मला रोज दाखवायला येतोस. माझा अगदी आधार होता तो, खोटं कशाला बोलू? पण तुझं सगळं तरुणपण त्यात गेलं. तू जा आता. मी अशी समोर असेन तोवर तू हावडा स्टेशनातल्या त्या ट्रंकेवरून उठायचा नाहीस. त्रिनिदादला नेऊन मला समोर बसवलंस तर तिथेही नाही."

"आणि तू? एकटी?"

"मला शाळा आहे. घरमालक चांगले आहेत. बाघा आहे." मग त्या शैलाकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता. "तू चांगल्यासाठीच बोललीस. मी नाही रागावले. ते करायचं तेव्हा मीच करवून घेईन. पण बारा वर्षं पुरी भरल्यावर. त्यांचं प्रेत मिळालं नाही, त्यांना चिता मिळाली नाही, चार माणसांचा खांदा मिळाला नाही. निदान वाट तरी त्यांची पुरी पाहिली जाऊ दे. त्यात कुणी काटछाट करायची नाही."

शैलाने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. तांदळाचं ताट कलंडलं ते कुणी उचललं नाही.

पुढचा महिना मनोहर रोज एकदा तरी म्हणायचा की मी नोकरीला नकार कळवतो, आणि शकुनताई रोज म्हणायच्या, नाही. एकदा तो शब्द सापडल्यावर त्यांना तो बरा जमू लागला होता. बाघाची पेटी सुताराने परत नेली. भुलू लीनाचा, तो जाणार हे ठरलंच होतं.

फाल्गुनात जहाज निघालं. निघायच्या दिवशी शकुनताईंनी सगळ्यांच्या हातावर दही घातलं, आणि लीनाने हट्ट धरल्यामुळे भुलूलाही चाटवलं. मनोहर पाया पडला तो उठेचना. "अक्का, काय सांगू?" म्हणाला. "पत्र लिही," त्या म्हणाल्या, "आणि बजबजसारखा तिकडे घराकडे धावत सुटू नकोस. सावकाश येत जा. बायकोबरोबर सिनेमाला जा." खिदिरपूरला त्या गेल्या नाहीत. टॅक्सी गल्लीच्या टोकाला वळली, भुलूचं भुंकणं थोडा वेळ ऐकू आलं, मग ट्रामच्या आवाजात मिसळून गेलं. त्यांनी घर झाडलं, पाणी भरलं, आणि शाळेतल्या मुलींची झबली तपासायला घेतली.

दिवेलागण झाली. देवापाशी दिवा लावून त्या बाहेरच्या खोलीत आल्या तेव्हा बाघा दारात जाऊन बसला होता. गल्लीत पावलं वाजली की त्याचे कान उभे राहत, पावलं पुढे गेली की खाली पडत. तो कुणासाठी बसला होता, भुलूसाठी, मनोहरसाठी, की त्याही आधी गेलेल्या कुणासाठी, हे त्याचं त्याला ठाऊक. शकुनताई त्याच्याजवळ खाली बसल्या. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाघा, आता कुणी यायचं नाही रे."

हे आपणच बोललो हे त्यांना क्षणभराने कळलं. कुत्र्याला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून की काय, त्यांनी ते आणखी एकदा म्हटलं.